'ही प्लेज गुड' का होतं?

क्रिया कशी घडली हे इंग्रजीत सांगताना मराठी माणूस हमखास अडतो. 'ही प्लेज गुड' हे वाक्य मुलांच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं सापडतं. त्यावर लाल रेघ ओढून 'वेल' लिहिलं जातं आणि धडा पुढे सरकतो. पण ही चूक निष्काळजीपणातून आलेली नाही, ती मराठीतून आली आहे. 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते' असं आपण म्हणतो; म्हणजे खेळण्याचं वर्णन करणारा शब्दही कर्त्याप्रमाणे बदलतो आणि दिसतो विशेषणासारखाच. प्रमाण इंग्रजीत मात्र खेळाडू 'गुड' आणि त्याचं खेळणं 'वेल'.

खरी अडचण शब्दाच्या जागेची आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं. 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' या वाक्यात रीत, म्हणजे क्रिया कशी घडते ते सांगणारा शब्द, क्रियापदाला खेटून येते. तीच सवय 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' असं लिहायला लावते. इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला शिरू देत नाही. 'फ्लुएंटली' इथे 'इंग्लिश'नंतर यायला हवं. लांब वाक्यात तर सगळा क्रमच उलटतो. 'काल लग्नात ती सुंदर नाचली' यात आधी वेळ, मग ठिकाण, मग रीत. इंग्रजीत 'शी डान्स्ड ब्यूटिफुली अ‍ॅट द वेडिंग यस्टरडे': आधी रीत, मग ठिकाण, शेवटी वेळ.

काही शब्दांची जागा बदलली की अर्थही बदलतो. 'ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन' म्हणजे मुळात उत्तर देणं हाच मूर्खपणा. 'फूलिशली' शेवटी नेलं, तर मूर्खपणा उत्तर देण्याच्या पद्धतीत. इंग्रजीतला हा फरक मला फार देखणा वाटतो.

विशेषणाला 'ली' लावला की काम झालं, या समजुतीने नुकसानच होतं. 'फास्ट' आणि 'हार्ड' जसेच्या तसे चालतात. जुन्या इंग्रजीत अशा शब्दांना क्रियाविशेषण करताना शेवटी एक स्वर लागे. तो पुढे गळून पडला आणि दोन्ही रूपं एक झाली. 'हार्डली'चा अर्थ मात्र वेगळाच, जेमतेम. नोकरीच्या अर्जात 'आय वर्क हार्डली' लिहिणारा उमेदवार आपण फारसं काम करत नाही, अशीच कबुली देतो.

शिक्षकांना विनंती एवढीच, की क्रियाविशेषणांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी मुलांकडून मराठी आणि इंग्रजी वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या आणि प्रत्येक शब्द कुठून कुठे गेला, ते त्यांनाच शोधू द्या.