निसर्ग चक्रीवादळ, घराचा विमा आणि म्हैसूरची एक जुनी कल्पना

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली मंडणगड-दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांवर कौल राहिलं नाही. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि बागेला हेक्टरी 50 हजार अशी वाढीव सरकारी मदत जाहीर झाली. चर्चा झाली ती या मदतीची. घराच्या विम्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही, कारण विमा होता कितीजणांकडे? बँकेचं कर्ज काढून घर बांधलेल्यांकडे तो बहुधा असायचा, पण कागद बँकेच्या फायलीत. वाडवडिलांच्या चिरेबंदी घरांना कर्जही नव्हतं आणि विमाही.

ज्यांच्याकडे होता, त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. वादळात आधी आढ्यावरचे कोने सुटतात, मग कौलं उडतात, मग पाऊस थेट माजघरात. भाताची कणगी भिजते, फ्रीज जातो, भिंतींना ओल धरते. विमा कंपनी म्हणते फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका. वीज कित्येक दिवस नव्हती. मोबाइल बंद, फोटो काढायचे कशाने? आणि मृगाचा पाऊस दारात असताना उघड्या घरात थांबणार कोण? पत्र्यांना सोन्याचा भाव आला होता, तरी मिळतील तिथून लोकांनी ते आणून ठोकले. म्हणजे सर्व्हेअर येईल तेव्हा नुकसानीच्या जागी नवा पत्रा! त्यात टाळेबंदी. घरमालक मुंबईत अडकलेला, जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास लागायचा. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर चार चुलते. दावा कुणी करायचा, यावरच घोडं अडायचं.

नियम वाईट नव्हते. विमा नियामकाच्या 2017 च्या नियमांनुसार खबर मिळाल्यापासून 72 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 30 दिवसांत अहवाल द्यायचा. पण एका दुपारी हजारो छपरं उडाली की ते 72 तास कागदावरच राहतात.

खरा चटका बसायचा तो हिशेबात. तेव्हाच्या अग्निविम्यात कमी रकमेचा विमा काढणाऱ्याला त्याच प्रमाणात कमी पैसे मिळत. घर 20 लाखांचं, विमा 10 लाखांचा आणि नुकसान तीन लाखांचं, तर हाती दीड लाख. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीने घरांपुरती ही कात्री काढून टाकली. घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांचं, संरक्षण आपोआप मिळू लागलं. पुढच्याच महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. सुधारणा वेळेवर आली म्हणायची, पण ती घेणारेच थोडे.

एका बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा बरे. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात वारा असतो, पूर नसतो. 2005 च्या कतरिना वादळानंतर घर वाऱ्याने गेलं की समुद्राच्या पाण्याने, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. आपल्याकडे वादळ आणि पूर एकाच कलमात आहेत. निदान तेवढी वकिली वाचते.

उरतो तो प्रश्न घरोघर फिरून पाहणी करण्याचा. त्यावरचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी म्हैसूरला सुचलं होतं. म्हैसूर संस्थानाला विमा नवा नव्हता; नोकरवर्गासाठी आयुर्विमा तिथे 1891 पासून होता. तिथले अधिकारी जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली शेतीविम्यावर पुस्तकच लिहिलं. त्यांची कल्पना सरळ होती: प्रत्येकाचं शेत तपासत बसू नका, त्या भागातला पर्जन्यमापक बघा. पाऊस ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की पैसे द्या. त्यासाठी त्यांनी जुन्या पावसाच्या नोंदी घेऊन हिशेबही मांडला. ती योजना प्रत्यक्षात आली नाही, पण त्याच धर्तीचा हवामानाधारित पीकविमा सरकारने 2007 च्या खरिपात पहिल्यांदा राबवला तो कर्नाटकातच.

गंमत अशी की हा विमा कोकणात आज आहे, पण आंब्याला आणि काजूला. अवेळी पाऊस, तापमान, वेगाचा वारा यांच्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवर बागायतदाराला पैसे मिळतात. परसातल्या हापूसला जे जमतं ते घराला नाही. अर्थात बागायतदारही खूश नसतात. आमच्या वाडीत पाऊस पडला आणि केंद्राने तो टिपलाच नाही, ही तक्रार दर हंगामाची. निसर्गच्या वेळीही ती आली असती. हवामान खात्याची जुनी केंद्रं अलिबागला आणि हर्णैला, श्रीवर्धन मधोमध. तिथल्या वाऱ्याचा निवाडा अलिबागच्या आकड्यावर करणं अन्यायाचंच. पण आता महसूल मंडळांत हवामान केंद्रं उभी आहेत. पहिल्या आठवड्यात पत्रे आणि ताडपत्रीपुरते पैसे त्या केंद्राच्या नोंदीवर द्यावेत आणि उरलेला हिशेब सर्व्हेअर आल्यावर करावा, एवढी जोड ‘भारत गृह रक्षा’ला द्यायला काय हरकत आहे?