पाऱ्याची पेटी

स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधले पाद्री. घोडीच्या धमनीत नळी बसवून केलेल्या प्रयोगाची हकीकत त्यांनी १७३३ साली छापली. उभ्या काचनळीत रक्त आठ फुटांहून वर चढलं होतं. एवढी नळी कुठल्या दवाखान्यात मावणार? पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १८२८ मध्ये फ्रान्समध्ये प्वाझय यांनी नळीत पारा भरला आणि फुटांचा हिशेब मिलिमीटरांवर आला. रक्तदाबाचं आपलं ‘वरचं १२०’ म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पाण्यात मोजलं तर हाच स्तंभ दीड मीटरच्या वर जाईल.

धमनीला भोक न पाडता दंडालाच फुगणारा पट्टा बांधायचा, ही पद्धत रिवा-रोची यांनी १८९६ साली तुरीनमध्ये मांडली. पट्टा फुगवत ते मनगटाची नाडी चाचपत. नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. पण त्यातून फक्त वरचा आकडा कळे.

खालचा आकडा सापडला कानाला. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकांनी कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला. मोकळ्या धमनीत रक्त गुपचूप वाहतं. पट्टा पुरेसा आवळला की प्रवाहच थांबतो, तेव्हाही शांतता. हवा सोडत गेलं की एका क्षणी हृदयाचा ठोका रक्ताला दबलेल्या धमनीतून पलीकडे रेटतो आणि ठक्‌ ऐकू येतं: हे वरचं. पुढे धमनी दोन ठोक्यांच्या मध्येही मिटेनाशी होते, आवाज विरतो: हे खालचं. म्हणजे डॉक्टर वाचतात तो दाब खरं तर पट्ट्यातल्या हवेचा! या उसन्या मापावर शंभर वर्षांहून जास्त काळ वैद्यक चाललं आहे, आणि ठीक चाललं आहे.

हृदय सैल पडलं तरी खालचा आकडा शून्यावर येत नाही, कारण ठोक्यासरशी ताणलेल्या महाधमनीच्या भिंती आकसत रक्त पुढे ढकलत राहतात. त्या रक्ताला खरा अडसर होतो बारीक धमनिकांचा. प्वाझय यांच्याच नियमाने, नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तेवढाच राहिला, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून धमनिका जराशा आवळल्या तरी दाब चढतो.

पारा आणि पट्ट्याची ही दवाखान्यातली पेटी तशी हट्टी. दंड हृदयाच्या पातळीखाली दहा सेंटिमीटर गेला, तर आकडा सात-आठ मिलिमीटरांनी फुगतो. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तरी तेच. हवा भराभरा सोडणाऱ्या घाईच्या हाताला तर ती खरं सांगतच नाही.

पारा विषारी, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानंतर ही पेटी मागे पडत चालली. घरोघरची बॅटरीवरची यंत्रं बहुधा आवाज ऐकतच नाहीत. पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपून कंपनीच्या सूत्राने वरचं-खालचं काढतात. ठोके अनियमित असले की या सूत्राची गडबड होऊ शकते. मग डॉक्टर पुन्हा कानाला स्टेथोस्कोप लावतात आणि दोन-तीनदा मोजून सरासरी काढतात.