केव्हीएम स्विच: एक माऊस, अनेक संगणक

सर्व्हर रूममधल्या रॅकमध्ये संगणक अनेक असतात, पण मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस बहुधा एकेकच. या साऱ्यांना जोडणारी डबी म्हणजे केव्हीएम स्विच. बऱ्याच स्विचवर स्क्रोल लॉक दोनदा दाबून आकडा दाबला, की त्या क्रमांकाचा संगणक समोर येतो. चित्र दिसतं, कीबोर्ड चालतो. माऊस मात्र कधी थिजतो, तर कधी कर्सर कोपऱ्यात जाऊन आदळतो आणि हात न लावता मेनू उघडू लागतात. मग नवा माऊस आणला जातो आणि तोही तसाच वागतो. कारण माऊस बिघडलेलाच नसतो. त्याच्यात आणि संगणकात सुरुवातीला जे ठरलं होतं, ते स्विच बदलताना हरवलेलं असतं.

हे समजून घ्यायला जुन्या गोल पिनेकडे, पीएस/२ कडे जावं लागतं. आयबीएमने ही जोडणी १९८७ साली आणली. पुढे कीबोर्डचं सॉकेट जांभळं आणि माऊसचं हिरवं अशी रूढी पडली. हा माऊस प्रत्येक हालचाल ३ बाइटमध्ये कळवतो. पहिल्यात बटणं आणि दिशा, दुसऱ्यात आडवं अंतर, तिसऱ्यात उभं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसने चाक रूढ केलं आणि त्यासाठी चौथा बाइट लागला. माऊसला चाक आहे का, हे विचारण्याची रीत मोठी गमतीशीर आहे. संगणक त्याला २००, १००, ८० असे तीन सॅम्पल रेट लागोपाठ पाठवतो. चाकवाला माऊस हा इशारा ओळखतो आणि आपला ओळखक्रमांक ० ऐवजी ३ सांगतो. ही बोलणी ड्रायव्हर सुरू होताना होतात, पुन्हा पुन्हा नाही.

आता स्विच फिरवताना माऊस रीसेट झाला, तर तो ३ बाइटवर परततो. संगणक मात्र ४ बाइटच मोजत राहतो. खतावणीत एक रकाना सरकला, की तारखेच्या जागी रक्कम आणि रकमेच्या जागी नाव पडत जावं, तसा सगळा हिशेब चुकतो. आडवं अंतर बटण म्हणून वाचलं जातं आणि भलतीकडेच क्लिक होतं. कीबोर्ड तगतो, कारण कुठली कळ दाबली हे समजायला संगणकाला अशी मोजणी फारशी लागत नाही.

लिनक्सच्या २.६ कर्नलवर काम केलेल्यांना लॉगमधली ताळमेळ सुटल्याची तक्रार आठवत असेल. तिथे पीएसमाऊस हे मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं, की बोलणी नव्याने होतात आणि कर्सर ताळ्यावर येतो. चाकावर पाणी सोडायची तयारी असेल, तर ड्रायव्हरला साध्या ३ बाइटवरच बांधून ठेवता येतं.

चांगला स्विच हा प्रश्न मुळातच उद्भवू देत नाही. त्यातली चिप प्रत्येक पोर्टवर माऊसची भूमिका वठवत राहते, म्हणून समोर नसलेल्या संगणकालाही माऊस जागेवरच असल्याचं वाटतं. यालाच इम्युलेशन म्हणतात आणि माझ्या मते जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठीच. मर्यादा एकच: चिपला ठाऊक असेल तेवढंच पुढे जातं. गेमिंग माऊसची जादा बटणं इथेच मुकी होतात.

यूएसबीत बाइटचा हा घोळ नाही, पण दुखणी वेगळी. ॲडॉप्टर नसलेला स्विच संगणकांकडूनच वीज घेतो. त्यावर दिव्यांचा कीबोर्ड आणि आणखी दोन उपकरणं लावली, की माऊस मधूनच गळतो. वायरलेस माऊसचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल, तर तिथला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. अशा वेळी छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल दूर न्यावा.

म्हणून शोध क्रमाने घ्या. आधी माऊस थेट संगणकाला लावून पाहा, मग स्विचचं दुसरं पोर्ट, मग साधा वायरचा माऊस. पीएस/२ ची पिन मात्र चालू संगणकातून काढू-घालू नका. ती त्यासाठी बनलेलीच नाही आणि मदरबोर्डला इजा होऊ शकते. नवा स्विच घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: प्रत्येक पोर्टला स्वतंत्र इम्युलेशन आहे का, आणि सोबत ॲडॉप्टर मिळतो का.