सामान्य माजी सैनिक : निवृत्तीनंतरचे जीवन आणि निवृत्तिवेतनाचे सामाजिक महत्त्व

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभे राहिले. रणांगणावर पडलेल्यांची नोंद इतिहास ठेवतो. परंतु नोकरी पूर्ण करून, कोणतेही शौर्यपदक न मिळवता घरी परतलेल्या सैनिकाचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या सामान्य माजी सैनिकाच्या जीवनाचा निवृत्तिवेतनाच्या अंगाने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात कोकणातील दापोली येथे लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला आव्हान दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. सैन्याने या वर्गाला अक्षरओळख दिली; निवृत्तिवेतनाने गावाच्या वतनी व्यवस्थेवर अवलंबून न राहता जगण्याचे बळ दिले. म्हणूनच १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज-विनंत्या करण्यात हे पेन्शनरच अग्रभागी होते.

स्वातंत्र्योत्तर काळ :
सैन्यातील जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची सेवा आवश्यक असते. विशीच्या आत भरती झालेला जवान बहुधा चाळिशीच्या आसपास घरी परततो. मुले शाळेत, आईवडील वृद्ध आणि मुलकी सेवेतील समवयस्क मात्र अर्ध्या वाटेवर, अशी त्याची स्थिती असते. त्यामुळे त्याचे निवृत्तिवेतन हा म्हातारपणचा आधार नसून अकाली निवृत्तीचा मोबदला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. एवढ्यावर संसार चालत नसल्याने तो शेती सांभाळतो किंवा बँकेत अथवा कारखान्यात सुरक्षारक्षक होतो. १९४९ पासून ७ डिसेंबर रोजी साजरा होणारा ध्वजदिन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि २००३ मध्ये सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना ही त्याच्यासाठी निर्माण झालेली साधने होत.

तरीही एक अन्याय दीर्घकाळ टिकला. समान हुद्दा व समान सेवाकाल असूनही आधी निवृत्त झालेल्या हवालदारास नंतर निवृत्त झालेल्यापेक्षा कमी निवृत्तिवेतन मिळे. माजी सैनिकांच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजनेचा आदेश निघाला व ती १ जुलै २०१४ पासून लागू करण्यात आली.

बदलते स्वरूप :
२०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असते. त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. पंचविशीतच घरी परतणाऱ्या या तरुणाला दुसरी नोकरी ही जोड न राहता एकमेव आधार ठरणार आहे.

समारोप :
थोडक्यात, दरमहा येणाऱ्या निश्चित रकमेने सैनिकाच्या घराला सावकारापासून दूर ठेवले, मुलांना शिकविले आणि त्याला गावात ताठ मानेने उभे केले. हा आधार जेथे उरणार नाही, तेथे त्याची जागा कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर समाजाला व शासनाला द्यावेच लागेल.