शाळेतील एक अधिक वर्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खेळाडू घडविण्याच्या कार्यात शाळा व महाविद्यालये यांचा वाटा फार मोठा आहे. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा खेळांत शाळेतून महाविद्यालयाच्या संघात आणि तेथून व्यावसायिक संघात, असा क्रम तेथे रूढ आहे. महाविद्यालयाने निवड केल्यास अनेकांना शिष्यवृत्तीही मिळते. तेथील शिक्षणाचे शुल्क लक्षात घेता ती केवळ मानाची बाब राहत नाही. मात्र शालेय खेळाडूंपैकी अशी शिष्यवृत्ती जेमतेम २ टक्क्यांच्या वाट्याला येते. या चुरशीतूनच शालेय शिक्षण जाणूनबुजून लांबविण्याची प्रथा वाढीस लागली.

वाढत्या वयात एक वर्षाने उंची, वजन आणि बळ यांत मोठा फरक पडतो. साहजिकच, त्याच वर्गातील परंतु वर्षाने मोठा असलेला खेळाडू महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या नजरेत लवकर भरतो. म्हणून काही पालक मुलाला आठवी इयत्ता पुन्हा करावयास लावतात. काही मुले बारावी संपवून निवासी शाळेत आणखी एक वर्ष काढतात. आपल्याकडे एकाच इयत्तेत पुन्हा बसणे कमीपणाचे समजले जाते. तेथे त्यासाठी शुल्क मोजले जाते!

आठवीच का, याचे उत्तर नियमांत आहे. शालेय स्पर्धांतील सहभागाची मुदत सामान्यतः नववीपासून आठ सत्रांची असते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी १६ मूलभूत विषय पूर्ण करावे लागतात, आणि त्यांची मोजणीही नववीपासूनच सुरू होते. वेळेवर उत्तीर्ण होणाऱ्याला पुढील वर्षात आणखी एक विषय जोडण्याची सवलत आहे. बारावीच लांबविणारा ती गमावून बसतो. वाढलेल्या वर्षात शरीर बळावेल, पण राहिलेल्या विषयांची भरपाई होईलच असे नाही.

२०२० साली कोविडच्या साथीमुळे स्पर्धा रद्द झाल्या आणि हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. महाविद्यालयीन खेळाडूंना एक जादा हंगाम देण्यात आला. परिणामी ज्येष्ठ खेळाडू संघांत टिकून राहिले आणि शाळेतून येणाऱ्यांसाठी जागा कमी पडू लागल्या. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने २०२१ व २०२२ मध्ये शाळा पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षभर थांबण्याची मुभा देणारा कायदा केला. २०२१ मध्ये केंटकी राज्याने सर्वच इयत्तांना तशी संधी दिली. तेथे स्थानिक शिक्षण मंडळांपुढे अट होती: अर्ज करणाऱ्या सर्वांना परवानगी द्यावी, अथवा कोणालाच देऊ नये. त्यामुळे गुणी खेळाडूला तेवढे ठेवून घेऊन गणितात मागे पडलेल्या मुलाला नाकारणे शाळांना शक्य नव्हते.