ध्वनिमुद्रण, संगणक आणि त्यांमधील दुभाषी

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके वारली बोलीच्या अभ्यासकास अपरिचित नाहीत. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) या बोलीची दखल घेतलेली आहे. तथापि, लेखनात न उतरणारा स्वरांचा चढउतार ध्वनिमुद्रणावाचून हाती लागत नाही. काही वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर लग्नप्रसंगी धवलेरीने चौकापुढे गाणी म्हणण्यास प्रारंभ केला, आणि प्रस्तुत लेखकाचे मुद्रण-उपकरण संगणकाने स्वीकारलेच नाही. ती गाणी विधीचाच भाग. 'पुन्हा म्हणा' असे म्हणण्याची सोय नव्हती. पुढील विवेचन त्या अनुभवातून सुचले आहे.

उपकरण आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्या भाषा भिन्न असतात. त्यांमधील दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. 'ड्रायव्हर बसला नाही' असे आपण सरसकट म्हणतो. परंतु कारणे निरनिराळी असतात, व उपाय कारणानुसार बदलतो.

विंडोज प्रणालीत प्रथम डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे उपकरणाची काहीच नोंद नसेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा असतो. केवळ चार्जिंगसाठी केलेल्या केबलमधून माहिती जातच नाही. नोंद असून तीवर पिवळे चिन्ह दिसल्यास संकेतांक पाहावा.

संकेतांक २८ याचा अर्थ ड्रायव्हर बसविलेलाच नाही. अशा वेळी 'डिटेल्स'मधील हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात निर्मात्याचा व उपकरणाचा असे दोन क्रमांक असतात; ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलीतील क्रमांकांशी ते जुळले पाहिजेत. रूपसाम्य म्हणजे अर्थसाम्य नव्हे, हे भाषाभ्यासकास सांगावयास नकोच; केवळ नावावरून ड्रायव्हर निवडू नये.

संकेतांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. पुष्कळदा जुना वा अर्धवट बसलेला ड्रायव्हर याच्या मुळाशी असतो. उपकरण अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याचा पर्याय निवडावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि निर्मात्याने सांगितलेल्या क्रमानेच नवा ड्रायव्हर बसवावा.

संकेतांक ५२ म्हणजे डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा झाली नाही. विंडोज व्हिस्टाच्या (२००७) ६४-बिट आवृत्तीपासून प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरांस अशी स्वाक्षरी आवश्यक ठरली. ही तपासणी बंद करता येते, परंतु तो मार्ग पत्करू नये. गाभ्यातील सदोष आज्ञावली सर्व संगणकच संकटात टाकते. स्वाक्षरी असलेली नवी आवृत्ती मिळविणे हाच योग्य उपाय होय.

उपकरण खरेदी करतानाही विवेक हवा. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीत यूएसबी ऑडिओ २.० या मानकाचा ड्रायव्हर अंगभूत झाला. त्या मानकास अनुसरणारे उपकरण सामान्यतः निर्मात्याच्या ड्रायव्हरावाचून चालते.

सारांश, उपकरण त्याच संगणकास जोडून विभागातच पारखावे, ड्रायव्हरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि बॅटरीवर चालणारा स्वतंत्र ध्वनिमुद्रक जवळ ठेवावा. ड्रायव्हर पुन्हा बसविता येतो. त्या दिवशीचे गाणे मात्र पुन्हा मिळत नाही.