विश्लेषण: गेममधली मुंबई, गेममधला डॉन... ‘हिटमॅन २’ला आपलं गुन्हेगारी जग कितपत कळलं?

‘जीटीए ६’ पुन्हा पुढे गेला. आधी २०२५ ची अखेर, मग २६ मे २०२६ आणि आता १९ नोव्हेंबर २०२६ अशी तारीख कंपनीने जाहीर केली आहे. त्याची चर्चा निघाली की मराठी गेमरच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो, मुंबईच्या गँगवॉरवर असा गेम का नाही? मुंबईतल्याच गेमिऑन स्टुडिओने ‘मुंबई गल्लीज’ हा ओपन वर्ल्ड गेम जाहीर केला, तेव्हापासून तर हा प्रश्न जास्तच निघतो. पण मुंबईची टोळी, तिचा म्होरक्या, बिल्डर आणि झोपडपट्टी असं सगळं असलेला मोठ्या बजेटचा एक टप्पा २०१८ मध्येच येऊन गेला आहे. तो ‘हिटमॅन २’मध्ये आहे आणि त्यातल्या एका खलनायकाचं पहिलं नाव दाऊद आहे. खेड तालुक्यातलं मुंबके गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बसून हा टप्पा खेळताना काही गोष्टी जरा वेगळ्या दिसतात.

गेम नेमका काय आहे?

‘हिटमॅन २’ डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा. १३ नोव्हेंबर २०१८ ला तो बाजारात आला. नायक एजंट ४७ हा सुपारी घेऊन मारणारा, टकला, डोक्याच्या मागच्या बाजूला बारकोड गोंदलेला माणूस. न्यूझीलंड, मायामी, कोलंबिया असं फिरत तो मुंबईत येतो. या टप्प्याचं नाव ‘चेसिंग अ घोस्ट’.

इथे त्याची तीन लक्ष्यं आहेत. वजीर काळे ऊर्फ ‘मेलस्ट्रॉम’ हा एकेकाळचा समुद्री चाचा आणि आता टोळीचा सर्वेसर्वा. वान्या शाह ही झोपडपट्टीची ‘राणी’, जुन्या रेल्वेच्या डब्यांमध्ये दरबार भरवणारी. तिसरा दाऊद रंगन, बिल्डर आणि चित्रपट निर्माता. वस्तीच्या डोक्यावर उभ्या राहणाऱ्या टॉवरला त्याने स्वतःचंच नाव दिलंय.

‘जीटीए’शी तुलना करताना एक फरक आधीच लक्षात घ्यायला हवा. तिथे तुम्ही स्वतः गुंड असता, गाड्या पळवता, टोळी वाढवता. इथे तुम्ही बाहेरून आलेले आहात. गोळीबार करता येतो, पण तो केला की तुम्ही बहुतेक हरलात असं समजा. वेश बदलायचा, ऐकायचं, थांबायचं, मग काम करून निघून जायचं.

मग जमलंय काय?

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मेलस्ट्रॉमचा चेहराच तुम्हाला माहीत नसतो. रंगन आणि वान्या कुठे आहेत हे सुरुवातीपासून कळतं, पण टोळीचा खरा प्रमुख गर्दीत साध्या माणसासारखा हिंडत असतो. शेजारून गेला तरी पत्ता लागत नाही. लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायचं, सापडलेल्या खुणा जुळवायच्या, तेव्हा कुठे तो ओळखू येतो. पांढरा सूट आणि चार बॉडीगार्डवाला डॉन सिनेमात शोभतो. नाव सगळ्यांना माहीत आणि चेहरा कुणालाच नाही, हे त्याहून भीतीदायक असतं, आणि गेमला ते बरोबर कळलंय. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ‘फ्रीलान्सर’ नावाचा खेळण्याचा प्रकार आणला. त्यातही टोळीच्या म्होरक्याला संशयितांमधून अशाच खुणांवरून हुडकायचं असतं.

दुसरं म्हणजे मारण्याच्या वाटा. मेलस्ट्रॉम दाढीला न्हाव्याच्या दुकानात येतो, तेव्हा न्हावी तुम्हीच असू शकता. रंगनला स्वतःचं चित्र काढून घ्यायची हौस, म्हणून चित्रकाराचा वेश करून टॉवरवर चढता येतं. टॉवरवर शूटिंगसाठीचा मोठा पंखा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. शहरात आणखी एक भाडोत्री नेमबाज आहे. डोकं चालवलं तर आपलं काम त्याच्याकडूनही करून घेता येतं.

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला यामागची रचना बघायलाच मजा येते. गर्दीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला ठरलेला फेरा, ठरलेलं काम आणि संशय घेण्याची ठरलेली मर्यादा आहे. तुम्ही कामगाराचा वेश घातला तर बाकीचे तुम्हाला विचारत नाहीत, पण कामगारांना ओळखणारा मुकादम विचारतो. अशांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरणाऱ्या या माणसांमध्ये आपण कुठे बोट घालायचं, एवढाच प्रश्न असतो. चार-पाच वेळा खेळल्याशिवाय हा टप्पा नीट उलगडत नाही आणि चार-पाच वेळा खेळूनही कंटाळा येत नाही.

तिसरी गोष्ट कंपनीने मुद्दाम केली की आपोआप झाली, सांगता येणार नाही. ही तीन लक्ष्यं एकापुढे एक ठेवली तर मुंबईच्या टोळ्यांचा इतिहासच क्रमाने दिसतो. आधी समुद्र. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात देशात सोनं आणण्यावर कडक बंधनं होती आणि होड्यांमधून येणाऱ्या बिस्किटांवर टोळ्या पोसल्या गेल्या. मग वस्ती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही, आणि चाळींमधली रिकामी तरुण पोरं टोळ्यांना सहज मिळू लागली. शेवटी बिल्डर आणि सिनेमा. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, तस्करीतला नफा घटला आणि टोळ्यांची नजर जमिनीकडे, खंडणीकडे आणि फिल्मी पैशाकडे वळली. सिनेमाला उद्योगाचा दर्जा १९९८ मध्ये मिळाला. तोवर निर्मात्याला बँक दारात उभी करत नव्हती. मेलस्ट्रॉम, वान्या, रंगन हा क्रम त्यामुळे नुसता मसाला वाटत नाही.

कुठे गडबडतो?

पहिली अडचण हसण्यासारखी आहे. सहा फुटी, गोरा, टकला, बारकोडवाला माणूस मुंबईच्या वस्तीत न्हाव्याचा अंगरखा घालून उभा राहतो आणि कुणाला काही वाटत नाही. मालिकेच्या चाहत्यांनी हा विनोद कधीच मान्य केलाय, त्यामुळे तो सोडून देऊ.

भाषेचं मात्र खटकतं. वस्तीतली माणसं एकमेकांशी जवळजवळ सगळं इंग्रजीतच बोलतात. मुंबईच्या गल्लीत पाच मिनिटं उभं राहिलं तर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ असं सगळं कानावर पडतं. ज्या गेमचा अर्धा खेळ दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यावर आहे, त्यात शहराचा आवाजच नाही. खाली मजकूर देऊन चार वाक्यं मराठीत ठेवली असती तरी फरक पडला असता.

याहून मोठी उणीव म्हणजे टोळीचा धंदा दिसतच नाही. मेलस्ट्रॉमची दहशत आहे, पण हप्ता कोण देतं? किती देतं? नाही दिला तर काय होतं? पोलीस कुणाच्या बाजूने? आमदार कुठे आहे? वस्तीतला माणूस इथे देखावा आहे. तो चालतो, गप्पा मारतो, गोळी झाडली की पळतो. टोळीमुळे त्याचं काय झालं, हे तुम्हाला कधी विचारावंच लागत नाही.

याबाबतीत २००२ चा ‘व्हाइस सिटी’ अजून पुढे आहे. कॅफेत तासावर बसून तो खेळलेली पिढी आता तिशी-पस्तिशीत आहे. त्यांना मॉलमधल्या दुकानांच्या काचा फोडून हप्ता कबूल करून घेण्याचं मिशन आठवत असेल. आइस्क्रीमच्या गाडीतून ड्रग्ज विकता येतात, छापखान्यात खोट्या नोटा छापता येतात, फिल्म स्टुडिओ विकत घेता येतो, आणि प्रत्येक धंद्याची कमाई जाऊन उचलावी लागते. पोलिसांना द्यायची लाचसुद्धा रस्त्यावर ताऱ्याच्या रूपात तरंगत असते, उचलली की मागे लागलेले पोलीस एका पायरीने कमी. ‘हिटमॅन’ त्याच्यापेक्षा कितीतरी देखणा आणि हुशार आहे, पण टोळीचा पैसा कुठून कुठे फिरतो हे त्या जुन्या गेमने जास्त समजावून सांगितलं. अर्थात त्याचेही दोष होतेच. हैतीच्या लोकांना मारण्याविषयीच्या एका वाक्यावर अमेरिकेतल्या हैती समाजाने निषेध केला आणि पुढच्या प्रतींमधून ते वाक्य काढावं लागलं.

रत्नागिरीकरांनी हे का पाहावं?

कारण दाऊद हे नाव कोपनहेगनमध्ये बसलेल्या लेखकाला भारतीय गुंडासाठी सहज सुचतं, आणि इथे त्या नावाचा सातबारा आहे. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव मुंबके. वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हवालदार होते. तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या १९७६ च्या कायद्याखाली मुंबकेतल्या कुटुंबाच्या जमिनींचे लिलाव झाले, २०२० मध्ये आणि पुन्हा ५ जानेवारी २०२४ ला. दुसऱ्या लिलावात चारपैकी दोन जमिनींना बोलीच आली नाही. एका १७०.९८ चौरस मीटरच्या तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये आणि तो गेला २ कोटी १ लाखाला. गावातल्या बाकीच्या लोकांनी मात्र काहीही न करता हे नाव वर्षानुवर्षं बातम्यांमध्ये सोसलंय.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. मेलस्ट्रॉम समुद्रातून आलेला असला, तरी गेमला समुद्रात रस नाही. आपल्याकडे खरी गोष्ट किनाऱ्यावरच घडली. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये शेजारच्या रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चच्या स्फोटांमध्ये २५७ माणसं गेली. त्या खटल्यात पैसे घेऊन माल सोडणारे कस्टमचे आणि पोलीस दलातले लोकही दोषी ठरले. एखाद्या चेकपोस्टवर एक माणूस बाजूला बघतो आणि ट्रक पुढे जातो, एवढीच ती कृती. वेश, गस्त आणि संशय इतक्या बारकाईने रचणाऱ्या कंपनीला हे दृश्य उभं करणं अजिबात अवघड नव्हतं. विकत घेता येईल असा एक पहारेकरी आणि त्याचे परिणाम दाखवणारा पुढचा तास, एवढं असतं तर हा टप्पा कायमचा लक्षात राहिला असता.

घरी खेळायचा असेल तर?

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी किंवा कन्सोल लागतो. मुंबईचा टप्पा आता ‘हिटमॅन वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ या एकत्रित आवृत्तीत मिळतो. युरोपात त्याला १८ वर्षांवरील असं वर्गीकरण आहे आणि ते योग्यच आहे. आठवीतल्या मुलाला देऊ नका. २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. विकत घेऊन खेळायच्या अशा गेमचा तिच्याशी संबंध नाही.

पहिल्यांदा खेळताना सेटिंगमध्ये जाऊन मिशन स्टोरीचं मार्गदर्शन बंद करा. नाहीतर बाण दाखवेल तिकडे चालत जाल आणि मेलस्ट्रॉम अर्ध्या तासात सापडेल. ते बंद असलं की दोन-तीन संध्याकाळी नुसत्या वस्तीत हिंडण्यात जातात. न्हाव्याचं दुकान सापडलं की बाहेर थोडा वेळ उभे राहा, आत कोण येतंय ते बघत.